गाळणी कुठे लावायची?

गेल्या शनिवारी सकाळी सकाळी भाच्याचा मेसेज. "मामा, क्लंक कोणता मागवू? साधा पितळी की फेल्टवाला?" खाली तीन स्क्रीनशॉट. एकात नुसता पितळी तुकडा, दुसऱ्यात त्याच तुकड्याला पांढऱ्या फेल्टचं टोपडं, आणि तिसऱ्यात सहा प्रकारचे क्लंक, चार रंगांच्या नळ्या, दोन बुचं असा 'कॉम्बो'. कॉम्बो दिसला की आपल्या लोकांचं भान सुटतं. त्यात भाचा जळगावचा. :)

मी लिहिलं, "साधा, पितळी."

अर्ध्या मिनिटात उत्तर, "पण फेल्टवाल्यात फिल्टर फुकट मिळतोय ना?"

इथे मी अडकलो. कारण बरोब्बर हाच विचार करून मी दोन वर्षांपूर्वी एक विमान घालवलं. विमान गेलं त्याचं एवढं काही नाही, लाकूड आणि फिल्मच ती. पण ते जिथे पडलं तिथून चार सऱ्या सोडून बाया कापूस वेचत होत्या. भाच्याला विमान पडलं एवढंच माहीत आहे, का पडलं ते मी कधी नीट सांगितलेलं नाही. म्हणून हे वीकेंडचं पुराण.

ज्यांना या छंदाची बाधा झालेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनवर चालणाऱ्या मॉडेल विमानात नाकाच्या मागे प्लास्टिकची टाकी असते, खोकल्याच्या औषधाच्या मोठ्या बाटलीएवढी. तोंडाला रबरी बूच, बुचातून दोन किंवा तीन पितळी नळ्या. एक कार्ब्युरेटरकडे जाते, एक सायलेन्सरकडे (तिथून येणारा दाब इंधनाला मागून ढकलतो), तिसरी असलीच तर टाकी भरायला. कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीला टाकीच्या आतल्या बाजूने एक मऊ नळी लावतात आणि तिच्या टोकाला भोक पाडलेलं एक वजन. हाच क्लंक. विमान उलटं झालं की इंधन छताकडे जातं, वजनही तिकडेच पडतं, म्हणजे नळीचं तोंड सतत इंधनात बुडलेलं. टाकी हलवली की क्लंक भिंतीवर आपटून टक टक वाजतो. नाव त्या आवाजावरूनच पडलंय.

मी आयुष्यात पहिल्यांदा जे इंजिनवालं मॉडेल पाहिलं त्यात मात्र क्लंक नव्हताच. शाळेत असताना एन.सी.सी.च्या कॅम्पात कंट्रोल-लाइनचं प्रात्यक्षिक होतं. म्हणजे मध्ये माणूस उभा, हातात दोन तारा, आणि विमान त्याच्याभोवती गोल गोल. इंजिन कोलकात्याचं ऑरोरा, छोटं डिझेल. मॉडेलवाल्यांचं 'डिझेल' म्हणजे पंपावरचं नव्हे. ते ईथर, रॉकेल आणि एरंडेल तेल मिसळून बनतं, आणि त्याचा वास एकदा नाकात गेला की जन्मभर जात नाही. पत्र्याची डाग दिलेली टाकी, त्यात नळी थेट बाहेरच्या मागच्या कोपऱ्यात पक्की बसवलेली. विमान गोल फिरतंय म्हटल्यावर इंधन कायम बाहेरच्या भिंतीलाच चिकटणार, मग हलणारं वजन हवं कशाला? पंधरा वर्षांच्या मला ते कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं. नळीचं तोंड कुठे ठेवायचं हे इंधन कुठे जाणार त्यावरून ठरतं, दुकानात काय मिळतं त्यावरून नाही. हे तेव्हाच कळलं होतं, आणि तरी तीस वर्षांनी मी स्क्रीनशॉट बघूनच खरेदी केली.

तर तो दिवस. दिवाळीची सुट्टी. पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने जळगाव, तिथून गाडीत विमान घालून धुळ्याच्या रस्त्याला. एरंडोल लागलं की मला दर वेळी हसू येतं, मागच्या सीटवर एरंडेलाचा डबा असतो ना. पारोळ्याच्या पुढे हायवेपासून आत नानांचं शेत. नाना म्हणजे माझे धाकटे काका. त्यांच्याकडे एक पडीक पट्टा आहे, मुरमाड, आमची धावपट्टी. आजूबाजूला कापूस. गोंदूरची खरी धावपट्टी तिथून बरीच लांब. तिच्या आसपास असले खेळ परवानगीशिवाय करायचे नसतातच.

विमान साधं ट्रेनर, ७.५ सीसीचं ग्लो इंजिन, इंधन मिथेनॉल आणि एरंडेल. टाकीत नवा कोरा फेल्टवाला क्लंक, उन्हाळ्याच्या आधी बसवलेला. मे महिन्यात दोन-तीनदा उडवलं, मस्त उडालं. मग पावसाळा, रिलीज, आणखी एक रिलीज. विमान माळ्यावर. टाकी रिकामी करून ठेवायला हवी होती, पण तेव्हा गाडी पकडायची घाई होती. दिवाळीत ताजं इंधन भरलं, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. भाचा, त्याचे दोन मित्र आणि गावातली पाच-सहा पोरं भोवती उभी. नियम असा की उडवण्याआधी पूर्ण थ्रॉटल देऊन विमानाचं नाक आभाळाकडे करून दहा-पंधरा सेकंद धरायचं. आवाज बदलला नाही तरच सोडायचं. मी नाही धरलं. पोरं बघत होती, आणि इंजिन तर झकास वाजत होतं.

पूर्ण थ्रॉटल, विमान उचललं, वीस-पंचवीस मीटर वर गेलं आणि आवाज चिरका झाला. ज्यांनी ऐकलाय त्यांना तो आवाज पुन्हा सांगायला नको. इंधन कमी, हवा जास्त. आणि बंद. अशा वेळी सरळ पुढे उतरवायचं असतं, पुढे काहीही असो. मी वळवलं. वेग कमी, वळण घट्ट, डावा पंख पडला आणि विमान कापसात.

पळत गेलो. सगळ्यात जवळच्या बाईने हातातली ओटी तशीच धरलेली. कुणाला लागलं नव्हतं. अडीच किलोचं विमान, पुढे लाकडी प्रोपेलर, तो थांबलेला होता एवढंच नशीब. मी माफी मागत होतो तर ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुमचं खेळणं जरा तिकडे उडवा ना. इथे माणसं काम करतात." एवढंच. मला आजही कुठल्याही कोड रिव्ह्यूपेक्षा ते वाक्य जास्त लागतं.

संध्याकाळी ओसरीवर टाकी उघडली. नाना खाटेवर बसून बघत होते. "हाई काय शे रे भो?" मी क्लंक बाहेर काढला. फेल्ट पांढरं राहिलेलं नव्हतं, पिवळट, चिकट, दाबलं तर गुळाच्या पाकासारखं. मिथेनॉल उडून जातं, एरंडेल कुठे जातंय? पाच महिने ते फेल्टच्या धाग्याधाग्यांत बसून घट्ट झालं होतं. ताज्या मिथेनॉलने थोडंफार विरघळलं असणार, म्हणून हळू चालवताना इंजिन कुरकुरलं नाही. या मापाचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला साधारण ३० मिली इंधन पितं. तेवढं त्या चिकट बोळ्यातून येईना.

मी हे सगळं नानांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तू फुटबॉलले फडकं बांधेल व्हतं का?"

फुटबॉल म्हणजे फूटव्हॉल्व्ह. विहिरीत पंपाच्या ओढणाऱ्या पाइपच्या तळाशी जो झडप-जाळीचा भाग असतो तो. आमच्याकडे त्याला फूटव्हॉल्व्ह म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. नानांनी ठिबक बसवलं त्या पहिल्याच वर्षी शेवाळ आणि गाळ येऊन ड्रिपर बंद पडायला लागले, तेव्हा त्यांनी डोकं लढवून फुटबॉलच्या जाळीवर मच्छरदाणीचं कापड दुहेरी बांधलं होतं. आत जाणारं पाणीच स्वच्छ, मग पुढे कटकट कशाला! दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी रात्रीच्या लाइटीत पंप पाणी सोडून बसला. मोटर फिरतेय, पाइपात हवा, पाणी नाही. कापड शेवाळाने लिंपून गेलं होतं. रात्री दोन वाजता विहिरीत कोण उतरणार? ती पाळी गेली.

हीच माझी चूक होती, फक्त विहीर छोटी होती.

यात भौतिकशास्त्र फार नाही. ढकलायला तुमच्याकडे हवा तेवढा जोर असतो, पंप मोठा घ्या. ओढायला नसतो. ओढणं म्हणजे खरं तर आपण दाब कमी करतो आणि बाहेरची हवा द्रवाला वर ढकलते. त्या हवेचा जोर ठरलेला, पाण्याच्या भाषेत जेमतेम १० मीटर, व्यवहारात सहा-सात. म्हणून खोल विहिरीत पंप खाली उतरवावा लागतो. ओढण्याच्या बाजूला जे काही अडथळे घालाल ते या तुटपुंज्या भांडवलातून वजा होतात. म्हणूनच फुटबॉलची जाळी जाड भोकांची असते, बेडूक, पालापाचोळा अडवण्यापुरती. बारीक गाळणी पंपाच्या पुढे, ढकलण्याच्या बाजूला.

खान्देशात याला आणखी एक पदर आहे, आणि परदेशी मॉडेलवाल्यांचे सल्ले वाचताना हा पदर हमखास सुटतो. आमचा मे महिना. जळगावात पारा ४४-४५ ला टेकतो. ईथर ३५ अंशांच्या आतच उकळतं, म्हणजे ते जुनं मॉडेल डिझेल भर उन्हाळ्यात बाटलीचं झाकण उघडलं की निम्मं हवेत. पेट्रोलचे हलके घटकही पस्तीस-चाळीसपासून उकळायला लागतात. मिथेनॉल ६५ च्या आसपास, त्यामुळे ते बरं. पण हे सगळे आकडे साध्या हवेच्या दाबाचे आहेत. नळीत दाब कमी केला की उकळणं आणखी लवकर. तापलेलं विमान, तापलेलं इंधन, आणि ओढण्याच्या वाटेवर फेल्टचा बोळा, म्हणजे नळीत बुडबुडे करायचा कारखानाच. युरोपातल्या कुठल्याशा हिरवळीवर २० अंशांत जो क्लंक निर्धोक चालतो तो पारोळ्याला चालेलच असं नाही.

जळगावच्या माणसाला हे खरं तर शिकवायला नको. सगळ्या जगाला ठिबक विकणारं गाव आहे हे. भवरलाल जैन यांनी १९६३ साली सुरुवात केली ती रॉकेलच्या धंद्यापासून. पुढे पाइप आणि मग ठिबक. (रॉकेल ते ठिबक! आमचं मॉडेल डिझेल ते क्लंक असाच प्रवास की.) कुठल्याही ठिबकवाल्या शेतात जाऊन बघा. हजारो ड्रिपर, एकेकाची वाट केसाएवढी, पण प्रत्येक ड्रिपरला गाळणी नसते. गाळण्या सगळ्या एका जागी, पंपापाशी. आधी सँड फिल्टर, मग जाळीचा किंवा डिस्कचा, साधारण १२० मेशचा. त्यांच्या आधी एक दाबमापक आणि नंतर एक. दोन काट्यांत फरक वाढला की गाळणी चोंदली, उघडा, धुवा. गाळणी चोंदणारच हे तिथे गृहीत धरलंय, आणि चोंदलेली दिसावी आणि हाताला लागावी अशी जागा तिच्यासाठी निवडलीय.

खऱ्या विमानातही तेच. धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं. तिथे कधी पाहुणे म्हणून जाता आलं तर उड्डाणाआधी शिकाऊ पायलट काय करतो ते बघा. छोट्या पारदर्शक पेल्यात टाकीच्या तळातून आणि इंजिनाशेजारच्या गाळणीतून थोडं थोडं इंधन काढून उजेडात धरतो. पाणी आहे का, कचरा आहे का. सेसना १७२ सारख्या विमानात टाकीच्या तोंडाशी जाड जाळी असते, आपल्या फुटबॉलसारखीच, आणि बारीक गाळणी खाली इंजिनाच्या भिंतीपाशी, जिथून रोज सकाळी तिचा नमुना घेता येतो. मोठ्यांनाही हा धडा महागात पडलाय. १७ जानेवारी २००८ ला बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ हीथ्रोच्या धावपट्टीच्या अलीकडेच गवतात उतरलं. उतरायच्या ऐन वेळी जोर हवा होता आणि दोन्ही इंजिनांना इंधन पुरेना. इंधनातल्या पाण्याचा बर्फ होऊन तो इंधन गरम करणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी साचला होता. सगळे वाचले. लांबच्या प्रवासात कमी इंधन लागत होतं तेव्हा काहीच जाणवलं नव्हतं, जास्त लागलं तेव्हा कळलं. आमच्या ट्रेनरची गोष्ट, फक्त दीडशे माणसं आत बसवून.

तर माझं मत असं, आणि आता ते ठाम आहे. इंधन विमानात जाण्याआधी गाळा. बरणीतून पंपाने भरताना नळीत एक उघडता येणारी बारीक गाळणी लावा, ती दर महिन्याला उघडून बघा. टाकीच्या आत मात्र नुसतं वजन आणि नळी. जिथे डोळा पोचत नाही तिथे चोंदू शकणारी वस्तू ठेवायची नाही. आम्ही प्रोग्रामर लोक वापरणाऱ्याने भरलेली माहिती दारातच तपासतो. दारात न तपासता आत प्रत्येक फंक्शनमध्ये थोडी थोडी तपासणी करणाऱ्यांची सिस्टिम रात्री अडीचला कशी पडते आणि फोन कुणाला येतो, ते मी वेगळं सांगायला नको.

आता फेल्टच्या बाजूने. अन्याय नको. फेल्टवाला क्लंक ज्यांनी काढला ते मूर्ख नव्हते, फक्त त्याला फिल्टर म्हणून विकणारे जरा जास्त हुशार आहेत. फेल्टचं खरं काम गाळणं नाही. ते वातीसारखं इंधन धरून ठेवतं. विमान हवेत कोलांट्या मारतंय, टाकी निम्मी रिकामी, क्लंक क्षणभर उघडा पडला, तर साधा क्लंक हवेचा घोट घेतो आणि फेल्टवाला स्वतःत साठवलेलं इंधन देतो. हा गुण अस्सल आहे. पेट्रोल इंजिनवाले तो वापरतात तेव्हा मी भांडत नाही, कारण पेट्रोल इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये पडद्याचा एक छोटा पंप असतो, तो नेटाने ओढतो. शिवाय पेट्रोल मुळात कमी लागतं. मिथेनॉलला एका भागाला साडेसहा भाग हवा पुरते, पेट्रोलला साडेचौदाच्या वर, म्हणजे तेवढ्याच हवेत मिथेनॉल दुपटीहून जास्त ओतावं लागतं. पेट्रोलच्या मिश्रणात एरंडेलाचा चिकटाही सहसा नसतो. तेव्हा पेट्रोल, कोलांट्या, आणि दर हंगामाला फेल्ट बदलायची शिस्त, एवढं तिन्ही असेल तर खुशाल घ्या. भाच्याकडे पहिलं आहे (त्याला कुणाकडून तरी २० सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन मिळालंय), दुसरं अजून जमत नाही, आणि तिसरं आमच्या घराण्यात नाही.

त्याने खरं तर क्लंकपेक्षा नळीबद्दल विचारायला हवं होतं. विमानं क्लंकमुळे पडतात त्याहून जास्त नळीमुळे पडत असावीत, असा आपला माझा अंदाज. मिथेनॉलला सिलिकॉनची नळी उत्तम, मऊ, वर्षानुवर्षं टिकते. तीच नळी पेट्रोलमध्ये टाका, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगते. फुगली की ढिली होते, ढिली झाली की क्लंक निसटून टाकीच्या तळाशी, आणि तुम्ही आभाळाकडे बघत. पेट्रोलला टायगॉन, ती पिवळसर पारदर्शक, किंवा व्हायटॉन. टायगॉनही म्हातारी होते, कडक पडते. वाकेनाशी झाली की तिच्या टोकाचा क्लंक हलणार कसा? बदलून टाकायची. आणि बूचही पेट्रोलचंच घ्यायचं, मिथेनॉलच्या टाकीबरोबर आलेलं चालेलच असं नाही. त्यात आता पंपावर मिळतं ते पेट्रोल म्हणजे २० टक्के इथेनॉल. देशात २०२५ मध्ये हे प्रमाण गाठलं गेलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या रबरांना ते मानवत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या माणसाचा "ही नळी पेट्रोलला चालते" हा सल्ला वेगळ्या पेट्रोलबद्दल होता.

देशी जुगाडही सांगून टाकतो, कारण मी ते सगळे केलेत. सलाइनची नळी: चार दिवस छान, मग तिचा मऊपणा इंधनात विरघळून जातो आणि उरते काडी. अ‍ॅक्वेरियमची साधी पारदर्शक नळी: तिचीच बहीण. ठिबकची ४ मिलिमीटरची काळी मायक्रोट्यूब: जळगावात कुठल्याही दुकानात मीटरवर मिळते, इंधनाने तिला फारसं काही होत नाही, म्हणून मी फार खूश होतो. पण ती ताठ. टाकीत घातली तर क्लंक एका जागी सलाम ठोकून उभा. बाहेर भरायच्या नळीसाठी मात्र चालते. ठिबकचा रबरी ग्रोमेट बूच म्हणून लावून पाहिला. तो कुठल्या रबराचा हे दुकानदाराला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. दोन दिवसांत इंधनाने सांगितलं.

म्हणून आता एकच परीक्षा. नळीचा दोन इंचांचा तुकडा मोजून कापायचा, जे इंधन वापरणार त्याच्यात काचेच्या छोट्या बाटलीत दोन दिवस बुडवून ठेवायचा, पुन्हा मोजायचा, वाकवून बघायचा. बाटलीवर ठळक 'विष' लिहायचं आणि ती घरात पोरांच्या हाती लागेल अशी ठेवायची नाही. मिथेनॉल म्हणजे विषारी दारूच्या बातम्यांमधलंच ते, थट्टा नाही.

जोडणीबद्दल थोडं. नळी अशी कापा की क्लंक मागच्या भिंतीपासून पाच-सहा मिलिमीटर अलीकडे राहील. टेकला तर तिथेच चिकटतो. पितळी नळ्या कापल्यावर तोंडाची धार कानसने मारा, नाहीतर ती मऊ नळीला आतून चिरते. आणि सुईएवढी चीर पडली की गंमत बघा: टाकी भरलेली असताना चीर इंधनात बुडलेली, इंजिन उत्तम, टाकी निम्मी झाली की चीर उघडी, नळी हवा ओढते, इंजिन पातळ. माणूस तासन् तास नीडल पिळत बसतो. मी बसलोय. टाकी बादलीत बुडवून, दोन नळ्या चिमटून, तिसरीतून सिरिंजने हवा भरा आणि पंक्चरवाल्यासारखे बुडबुडे शोधा. (पण ही चीर आतल्या नळीला असेल तर बादलीत दिसत नाही, तेव्हा नळी बाहेर काढून तीच वेगळी बुडवा.) जोरात नाकावर उतरलात तर क्लंक पुढे फेकला जाऊन नळी दुमडून बसते. जमिनीवर सगळं ठीक वाटतं आणि नाक वर केलं की इंजिन बंद. त्यावर उपाय म्हणजे मऊ नळीच्या मध्यावर पितळी नळीचा तुकडा घालायचा, मग ती दुमडत नाही. मात्र विमान नाक खाली करून बराच वेळ उतरत असेल तर क्लंकही इंधनामागे पुढे जात नाही. शिकाऊ विमानाला हा सौदा परवडतो.

"मामा, इलेक्ट्रिक का नाही घेत?" हे भाच्याच्या मित्राने विचारलं होतं त्याच दिवशी, कापसातून विमानाचे तुकडे उचलता उचलता. रास्त प्रश्न. शिकायला, रोज उडवायला इलेक्ट्रिकच घ्या, मीही आता निम्मा वेळ तेच उडवतो. पण ज्याला पुढे आयुष्यात पंप, कॉम्प्रेसर, इंजिनं यांच्याशी गाठ पडणार आहे अशा पोराने एकदा तरी ओढणारी नळी स्वतःच्या हाताने बसवावी, असं मला वाटतं. आणि ती बसवताना त्या चार सऱ्या लक्षात ठेवाव्यात. आम्ही आता वेचणीच्या दिवसांत त्या पट्ट्यावर उडवतच नाही. नानांनी सांगितलं नव्हतं, त्या बाईने सांगितलं होतं.

असो. भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं, तासभर. त्याने कॉम्बो रद्द केला. एक पितळी क्लंक, दोन फूट टायगॉन, एक पेट्रोलचं बूच आणि भरायच्या नळीतली एक गाळणी मागवली. सिलिकॉनचा एक तुकडा त्याने तरीही पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलाय, मामा म्हणतो ते खरं का बघायला. काल फोटो आला: पट्टीशेजारी तुकडा, दोन इंचांचा आता अडीचच्या जवळ. खाली लिहिलंय, "फुगला." टाकी जोडून झाल्यावर फोन कानाला लावून हलवून दाखव म्हटलं. टक टक आला. मग म्हटलं, आता उलटी कर आणि परत हलव.